अक्का, तुला आडवं व्हायचं होतं

अक्का, तुझ्यावर चिडायचं राहून गेलंय, ते आधी उरकून घेतो. तू गेलीस त्याला आज बारा दिवस झाले आणि कालपासून मी पंपाचं दुकान उघडलंय. पहिलंच गिऱ्हाईक उमापूरचं, अडीच इंची पितळी फूटवॉल मागणारं. मी सवयीनं मागं वळून ओरडलो, "अक्का, अडीच इंची कुठं टाकलास गं?" तुझी भावजय महानंदा आतून पळत आली आणि दारातच थबकली. गिऱ्हाईक खाली बघायला लागलं. सव्वीस वर्षं मी तुला सांगत होतो, फळ्यांवर चिठ्ठ्या चिकटव, कुठं काय ठेवलंय ते लिहून ठेव. तुझं एकच, "मी हाय की, मग चिठ्ठ्या कावून पायजेत?" आता सांग की, कावून पायजेत. तासभर डबे उपसले मी. सापडला नाही. तो बिचारा म्हणाला, "राहू द्या शेठ, परवा येतो," तर मी त्याच्यावरही खेकसलो.

लोक भेटायला येतायत. सगळे एकच बोलतायत, "मन्मथशेठ, बहिणीसाठी लई केलं तुमी. नवऱ्यानं टाकलेल्या बहिणीला कोण इतकं सांभाळतं?" मी मान हलवतो आणि चहा सांगतो. खरं काय ते आपल्या दोघांनाच ठाऊक होतं, त्यातली तू गेलीस. म्हणून हे लिहायला बसलोय. तू वाचणार नाहीस हे मला कळतंय, तेवढा मी खुळा नाही. पण बोलायला दुसरं कोण आहे मला?

आणि टाकलेली कसली? तू स्वतः निघून आलतीस. मी दहावीत होतो. एक पत्र्याची पेटी आणि सुजलेला ओठ घेऊन तू भर दुपारी दारात उभी राहिलीस. अप्पांनी पेटी आत घेतली आणि दुसऱ्या दिवशी तुला गल्ल्यावर बसवलं. ओठाचं मी कधीच विचारलं नाही. पुढं विचारीन, जरा मोठा झालो की विचारीन, असं करत करत माझे केस पिकले. त्याच वर्षी मी दहावीला आपटलो, तेव्हा तू अप्पांना सांगितलंस, "मीच त्याला दुकानात राबवलं, अभ्यास होऊ दिला न्हाई." साफ खोटं! मी गोदावरीत पोहायला जात होतो. तुला माहीत होतं. तू अप्पांच्या शिव्या खाल्ल्यास आणि मला नंतर एक शब्द बोलली नाहीस. हे मी आजवर महानंदालासुद्धा सांगितलं नव्हतं.

वर्षभरात तू पंप शिकलीस. गेवराईच्या बाजारात बाईमाणूस मोटारीच्या दुकानात, म्हणून आधी लोक हसले. मग तेच लोक मला बाजूला सारून विचारायला लागले, "अक्का कुठं हायेत?" शेतकरी आला की तू दोनच प्रश्न विचारायचीस. मोटार फिरते का, आणि पाणी वर येऊन परत पडतं का. परत पडतं म्हणाला की तू फूटवॉलचं वायसर, ती रबरी चकती, काढून हातात द्यायचीस. विहिरीत पाईपाच्या तळाला जो फूटवॉल असतो, त्याचं काम एवढंच, पाणी वर जाऊ द्यायचं आणि खाली परत येऊ द्यायचं नाही. तो गळायला लागला की मोटार कितीही फिरू दे, उचललेलं पाणी परत विहिरीत. हे आपल्या दोघांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं, आणि तिथंच आपला घात झाला.

कपिलधारला गेलतो त्या वर्षीची गोष्ट. दर्शन झालं, धबधब्याजवळ बसलो, महानंदानं दशम्या सोडल्या. परत पायऱ्या चढताना तू मधेच थांबलीस. मी वरून ओरडलो, "काय झालं गं?" "धबधबा बघायले," म्हणालीस. धबधबा तुझ्या पाठीमागं होता आणि तुझं तोंड माझ्याकडं. मी म्हटलं, "म्हातारी झालीस तू!" तू दगड उचलल्यासारखं केलंस. हसलो सगळे. वर आल्यावर महानंदा मला बाजूला घेऊन म्हणाली, "अक्कांचे ओठ बगा, निळे दिसायलेत." म्हणून बीडला दाखवायला नेलं. मी नेलं नाही, अक्का. तिनं न्यायला लावलं.

डॉक्टर तरुण होते. छातीला नळी लावून लई वेळ ऐकत बसले. मग म्हणाले, आत आवाज येतोय, इको काढू. त्या अंधाऱ्या खोलीत पडद्यावर तुझं हृदय हलत होतं आणि मधेच एक रंगीत झोत उलटा वर उडत होता. तू पडल्या पडल्या मान वळवून विचारलंस, "हे काय उडायलंय?" डॉक्टर म्हणाले, "हृदयाच्या डाव्या बाजूला वर एक कप्पा आहे, खाली एक. फुफ्फुसातून शुद्ध रक्त वरच्या कप्प्यात येतं, झडपेतून खाली उतरतं, आणि खालचा कप्पा ते दाबून अंगभर पाठवतो. दाबताना ती झडप घट्ट मिटायला पाहिजे. तुमची मिटत नाही. प्रत्येक ठोक्याला थोडं रक्त परत वर जातं." लहानपणी कधी ताप येऊन सांधे सुजले होते का, असंही विचारलं. सुजले होते की! आईनं महिनाभर तेल चोळलं होतं, वाढीचं दुखणं म्हणून. सांधे बरे झाले आणि सगळे विसरून गेले. तो ताप तुझ्या झडपेवर बसला होता, हे आम्हाला चाळीस वर्षांनी कळलं.

आणि मी, शहाणा, तिथंच बोललो, "म्हणजे फूटवॉल गळायला लागलाय!" डॉक्टर हसले. म्हणाले, "अगदी बरोबर." त्या 'बरोबर'नं माझी छाती फुगली. मला वाटलं, आपल्याला कळलं. इंग्रजी रिपोर्ट, एवढं मशीन, आणि आत काय, तर आपलंच दुकान. पुढं ते जे सांगत होते ते मी अर्धंच ऐकलं. संभाजीनगरला मोठ्या डॉक्टरांना दाखवा, त्रास वाढायची वाट बघू नका, हृदय दमायच्या आत झडप दुरुस्त केलेली बरी. हे सगळं ते बोलले होते. तू ऐकलं होतंस. परतीच्या बसमध्ये तू मला सगळं पुन्हा म्हणून दाखवलंस, आणि मग विचारलंस, "मन्या, तुला काय वाटतं?"

घरातलं सगळं तू ठरवायचीस. माझं लग्नसुद्धा तूच ठरवलंस. हे एकच मला विचारलंस, कारण मोटार उघडायचं काम माझं, आणि तुझ्या लेखी मशीनच्या आतलं मला कळत होतं. आणि मी काय म्हणालो? "चालती मोटार खोलायची नसते."

आपल्या धंद्यातली ही पहिली अक्कल. मोटार कुरकुरत का होईना पाणी फेकतेय ना, मग हात लावू नका. खोलली की एक बोल्ट कमी बसतो, एक पॅकिंग तिरकं बसतं, आणि जी चार वर्षं चालली असती ती चार दिवसांत जळते. मी हजार गिऱ्हाइकांना हे सांगितलंय आणि हजारदा बरोबर ठरलोय. तुला म्हटलं, तू खातेस, पितेस, दिवसभर दुकानात उभी राहतेस, जिना चढताना जरा दम लागतो एवढंच. कशाला छाती फाडून घ्यायची? तू खिडकीतून बाहेर बघितलंस. मग म्हणालीस, "तू म्हणतोस तर राहू दे." महानंदा घरी आल्यावर भांडली माझ्याशी. "डॉक्टरपेक्षा तुमाला जास्त कळतंय काय?" मी म्हटलं, हो, कळतं.

त्यानंतर तीन वर्षं बरी गेली. ती तीन वर्षं मी मिरवली. बघ, काही झालं का? तूही मान डोलवायचीस. नंतर दुसऱ्यांदा इको काढला तेव्हा हृदय वाढलंय म्हणाले, तर तू दुकानात सगळ्यांना सांगत सुटलीस, "डॉक्टर म्हणतेत माझं काळीज लई मोठं हाय!" गिऱ्हाइकं हसायची. मीही हसलो.

मोठं कशानं झालं ते मला फार उशिरा कळलं. तुला मी शेवटी संभाजीनगरला नेलं, तेव्हा तिथल्या पिकल्या केसांच्या डॉक्टरांनी मला बाहेर बसवून रिपोर्टच्या पाठीमागं पेननं काढून दाखवलं. तू आत होतीस, म्हणून आज सांगतो. ते म्हणाले, तुमचं मोटारीचं गणित मोटारीला बरोबर आहे, हृदयाला नाही. फूटवॉल गळाला की मोटार लगेच बोंब मारते, नळीला पाणी येत नाही. हृदय बोंब मारत नाही. चार वाट्या रक्तातली एक परत जातेय म्हटल्यावर ते स्वतःला ताणून मोठं करतं आणि पाच वाट्या भरून घेतं, म्हणजे अंगाला कमी पडायला नको. माणसाला वाटतं आपण ठणठणीत आहोत. पण ताणलेल्या हृदयात झडपेचं तोंडही ताणतं, मग गळती वाढते, मग हृदय आणखी ताणतं. असं करत करत एक दिवस त्याचा जोर जातो. आणि मोटारीचं पाणी परत विहिरीत पडतं, तिथं त्यानं काही बिघडत नाही. हे रक्त मागं तुंबतं ते फुफ्फुसात.

मी म्हटलं, मग आता दुरुस्त करा. ते म्हणाले, "आता गळती बंद केली तर सगळंच्या सगळं रक्त पुढं ढकलावं लागेल. तेवढा जोर या हृदयात उरलेला नाही. तीन वर्षांपूर्वी का नाही आलात?" काय सांगू? चालती मोटार खोलत नसतात म्हणून? तू बाहेर आलीस आणि एवढा वेळ काय बोलत होतास, असं विचारलंस. मी म्हणालो, "गोळ्या बदलल्यात." तू माझ्याकडं बघितलंस आणि पुढं काहीच विचारलं नाहीस. तुला कळलं होतं ना? खरं सांग.

मग ते बसणं सुरू झालं. आधी दोन उश्या, मग तीन, मग भिंतीला टेकून, मग खुर्चीत. आडवं पडलं की पायातलं रक्त आणि पाणी सगळं छातीकडं यायचं, तुंबलेली फुफ्फुसं आणखी भरायची, आणि तू बुडत असल्यासारखी धडपडून उठायचीस. बसलीस की ते खाली उतरायचं. दिवसभरात पाय एवढे सुजायचे की बोट दाबलं तर खळगा पडायचा. महानंदानं जुन्या गोधड्या घालून एक लोड शिवला. तू दुपारी दुकानात त्या लोडावर दोन्ही हात टाकून, त्यावर डोकं ठेवून डुलकी घ्यायचीस. दिवसाचं पाणी मापून एक तांब्या, मीठ जवळजवळ बंद. तुला मीठ लागायचं लई. बिनमिठाची आमटी तोंडात घेऊन माझ्याकडं बघत राहायचीस, आणि पाण्याचा तांब्या संपला की म्हणायचीस, "पंपाच्या दुकानात बसून तहानेनं मरायची पाळी आली की रे!" मी चिडायचो. मला दुसरं काही येतच नव्हतं. गोळी चुकली की चिडायचो, लोणच्याच्या बरणीला हात लावलास की चिडायचो. एकदा तर बरणी हातातून ओढून अंगणात फेकली. तू म्हणालीस, "मन्या, मी अजून हाय रे. गेल्यावर काय फेकशील?"

आणि ती दुपार. गिऱ्हाईक नव्हतं. तू लोडावरून डोकं उचललंस. म्हणालीस, "एक सांगू? चिडू नको."

"बोल."

"आपल्यात बसवून पुरतेत. मला बसवू नका. पाय लांब करून निजवा."

मी चिडलोच. "गप बस गं, काय अभद्र बोलायलीस!"

तू माझं मनगट धरलंस. बोटांत जोर नव्हता, मी सहज सोडवून घेतलं असतं. "आठ म्हैने झाले पाठ टेकली न्हाई मन्या. लई बसले रे मी. एकदा आडवी होते. हो म्हण."

"हो."

"महानंदाला सांगू नको, ती रडती. तू सांग सगळ्यांना त्या येळेला. तुझं तोंड चालतंय." आणि हसलीस. एवढंच तू माझ्याकडं मागितलंस, सव्वीस वर्षांत. त्या आधी मागितलेलं काही आठवत नाही मला.

दवाखान्यातलं शेवटचं मी इथं लिहीत नाही. बसूनच गेलीस. नर्सनं मग पलंगाची डोक्याकडची बाजू खाली केली आणि थोडा वेळ, घरी आणेपर्यंत, तू सपाट होतीस. पण तेव्हा तू नव्हतीस.

घरी माणसं जमली. अंघोळ घातली, विभूती लावली, हातात इष्टलिंग दिलं, डोलीत बसवलं. सगळं इतकं भरभर झालं, अक्का. एकेकाला काम माहीत होतं, दोरी कुणी आणायची, बेल कुणी आणायचा. मला कुणी काही विचारतच नव्हतं. मी म्हटलं, तिथं गेल्यावर सांगू. तिथं खड्डा तयार होता, बसवायचाच. काका उभे होते, सोयरे उभे होते, बाजारातले व्यापारी उभे होते. मला वाटलं, आता सांगितलं तर खड्डा पुन्हा खणावा लागेल. लोक उन्हात आहेत. काका म्हणतील, हे काय नवीन काढलं. माझं तोंड, जे गल्लीत, बाजारात, दवाखान्यात सगळीकडं चालत होतं, ते तिथं मिटलं. स्वामींनी मंत्र थांबवला, सगळीकडं नजर फिरवली, आणि माझ्याकडं बघून विचारलं, "काही राहिलं का मन्मथ?"

"न्हाई स्वामी. काही न्हाई राहिलं."

मग तुला उतरवलं, बसवलं. भोवती मीठ टाकलं, पाट्याच्या पाट्या. आपल्यात टाकतात. मी माझ्या हातानं टाकलं.

तिसऱ्या दिवशी स्वामी घरी आले, तेव्हा मला राहवलं नाही. सगळं सांगितलं. मला वाटलं, ते म्हणतील, बाळा, ते जमलंच नसतं, रीत म्हणजे रीत. मला तेवढंच ऐकायचं होतं. पण ते म्हणाले, "सांगायचं होतंस रे. आजकाल ठेवतेत की कुणी कुणी आडवं. मी कावून न्हाई म्हणलो असतो?" महानंदा दारात उभी होती. तिनं ऐकलं. तेव्हापासून ती मला वेळेवर जेवायला वाढते, चहा देते, आणि बोलत नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

तुझ्यापाशी माफी मागायला हे लिहीत नाही. कुणाची माफी आणि कोण देणार? दोनदा तू माझ्या शब्दावर राहिलीस. एकदा मी नको तिथं बोललो आणि एकदा बोलायचं तिथं बोललो नाही. लोक म्हणतात, दिवस गेले की दुःख कमी होतं. कमी झालं तर मी आणखीच वाईट माणूस ठरेन.

ठरवलं होतं, तुला आडवं होणं जमलं नाही तर मलाही नको. चार दिवस तुझ्या खुर्चीत बसलो, तुझ्या लोडावर डोकं टेकून. जागा राहायचं, एवढं तरी करायचं. पण अक्का, माझं हृदय धडधाकट आहे. माझ्या झडपा नीट मिटतात. चौथ्या दिवशी पाठ अवघडली म्हणून म्हटलं, जरा टेकू, आणि जमिनीवर पाय लांब केले.

लगेच झोप लागली. रोज लागते.